कापड मोजणारा माउस

थेंबबाईला हे नाव कारखान्यात पडलं. बावीस वर्षं ती एका सरकत्या पट्ट्याच्या कडेला बसून हिरव्या बोर्डांवर सोल्डर मारत होती. डाव्या हातात कथलाची बारीक तार, उजव्या हातात तापलेलं पेन, आणि प्रत्येक सांध्यावर एकच चकचकीत थेंब, ना कमी ना जास्त. सुपरवायझर नव्या मुलींना तिच्या पाठीमागे उभं करायचा आणि म्हणायचा, "बाकी काही बघू नका, थेंब बघा." तेव्हापासून ती सगळ्यांची थेंबबाई झाली.

कामाला लागली त्या वर्षी तिने सुपरवायझरला एकदा विचारलं होतं, "या बोर्डाचं पुढे काय होतं हो?"

"पुढच्या टेबलावर जातो," तो म्हणाला.

उत्तर खरंच होतं. तिने पुन्हा विचारलं नाही. बावीस वर्षांत तिच्या हाताखालून किती बोर्ड गेले असतील देव जाणे, पण त्यातला एकही पुढे काय करतो हे तिला ठाऊक नव्हतं. मग एक दिवस कारखाना बंद झाला, सगळ्यांना घरी पाठवलं आणि थेंबबाई नणंदेच्या हाताखाली पडदे शिवायला लागली.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. थेंबबाई त्यांना वन्सं म्हणायची. वन्सं एकट्याच होत्या, भावाच्या घराला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यातली मोठी खोली म्हणजे पडद्यांचं दुकान. खिडकीशी दोन शिलाई मशिनं, मधोमध साडेतीन मीटर लांबीचं टेबल, भिंतीला लागून कापडाचे ताके. तीस वर्षं हा संसार वन्संनी एकटीने चालवला होता. कापड मोजून कापायचं काम त्या कुणाला करू देत नसत. टेबलाच्या कडेवर त्यांनी रंगाच्या खुणा केल्या होत्या, दोन मीटर वीसला लाल आणि दोन मीटर चाळीसला निळी. ताक्याचं टोक धरायचं, झर्रकन ओढायचं, खुणेशी बोट ठेवायचं आणि कात्री चालवायची. हे सगळं चालू असताना तोंडाचा पट्टाही चालूच. वन्संचं तोंड मिटत नसे, पण हात कधी चुकत नसे. निदान तोवर चुकला नव्हता.

थेंबबाई शिवायला लवकर शिकली, पण तिचं मन थोडं त्या बोर्डांत राहिलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी ती मशिनचा दिवा आणायला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात गेली, तर तिथे काचेखाली काड्यापेटीएवढा एक बोर्ड दिसला. त्यावरचे तुकडे तिच्या ओळखीचे होते, बावीस वर्षांच्या शेजाऱ्यांसारखे.

"हा काय करतो?" तिने विचारलं.

दुकानदार बोलका निघाला. म्हणाला, "तुम्ही सांगाल ते. याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. यातल्या चिपला संगणकावरून एकदा शिकवायचं, की मग ती एकटी तेच करत राहते. हौशी माणसं यावर खेळण्यापासून घड्याळापर्यंत काय वाटेल ते करतात."

"म्हणजे हा पुढच्या टेबलावर जात नाही," थेंबबाई म्हणाली. दुकानदाराला त्यातलं काही कळलं नाही, पण त्याने बोर्ड बांधून दिला आणि एक पातळ पुस्तिकाही दिली.

पहिल्या आठवड्यात तिने दिवा लुकलुकवला. मग बटण दाबलं की वाजणारा भोंगा केला. पुस्तिकेतले नमुन्याचे प्रोग्राम ती घरातल्या संगणकावर अक्षरन् अक्षर उतरवायची, मग त्यातला एखादा आकडा बदलून काय होतं ते बघायची. नवरा एका कचेरीत जुने कागद सांभाळायचा. तो संध्याकाळी घरी आला की आधी दार वाजवायचा, कारण एकदा दार उघडल्याबरोबर भोंगा वाजून त्याच्या हातातली पिशवी पडली होती. वन्सं नाक मुरडायच्या. "भातुकलीचं वय राहिलं नाही आपलं," म्हणायच्या. थेंबबाई हसून सोडून द्यायची.

तर अशा त्या घरात एकदा एका वसतिगृहाचं काम आलं. एकोणीस पडदे, सगळे दोन मीटर चाळीसचे. पडदे शिवून, इस्त्री करून गेले आणि दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे परत आले. वीतभर आखूड. खिडकीखाली उजेडाची फट राहत होती.

वन्संनी एक पडदा टेबलावर पसरला. टोक लाल खुणेवर आलं.

"टेबल सरकलंय," त्या म्हणाल्या.

टेबल सरकलं तरी खुणा त्याच्याबरोबरच सरकणार, हे थेंबबाईच्या ओठांवर आलं होतं. मग वन्संनी रंगाला दोष दिला, दिव्याला दिला, आणि शेवटी तेव्हा कानाशी बडबड केली म्हणून भावाला दिला, जो त्या दिवशी गावातच नव्हता. एकोणीस पडद्यांना खालून पट्टी जोडून दिली. वसतिगृहवाल्यांनी चालवून घेतलं. पण त्या दिवसानंतर वन्सं मोजताना गप्प बसायला लागल्या, आणि ती शांतता थेंबबाईला भांडणापेक्षा जड वाटली.

तिला कारण ठाऊक होतं. गेले कित्येक महिने वन्सं सुईत दोरा ओवायला तिच्याकडे देत होत्या. "तुझ्या हाताला बारीक कामाचा सराव आहे," असं म्हणून. चहात साखर घालताना चमचा बरणीच्या कडेला लागायचा. लाल आणि निळा त्यांना आता सारखेच दिसत असणार. पण मोजायचं काम आपल्याकडे घ्यावं तर तीस वर्षांचा हात एका दिवसात रिकामा झाला असता. तेही तिला नको होतं.

तिच्या डोक्यात आलं, की लांबी डोळ्यांना न दिसता कानांना ऐकू आली तर?

शनिवारी ती दुकानात गेली. "कापड ओढताना किती सरकलं ते बोर्डाला कळायला हवं," तिने सांगितलं. "आणि ठरल्या मापाला त्याने वाजायला हवं."

दुकानदाराने जरा वेळ हनुवटी खाजवली. "सरकणं मोजायचं म्हणता? मग विकत कशाला घेता, घरात असेल ते यंत्र. संगणकाचा माउस दुसरं काय करतो? इकडे किती सरकलो, तिकडे किती सरकलो, एवढंच तर सांगतो. फक्त जुना आणा, गोल टोकाच्या वायरीचा. तो बोर्डाशी सहज बोलतो. नव्या चपट्या टोकाच्या माउसची भाषा फार लांबलचक असते."

नवऱ्याच्या कचेरीत मोडीत काढलेल्या सामानाचा ढीग होता. साहेबांना विचारून तो एक माउस घेऊन आला, खालून लाल दिवा लागणारा. दारातूनच म्हणाला, "माउस आणलाय."

वन्सं पलीकडून ओरडल्या, "कापडाचं घर आहे हे! आणि तू उंदीर आणतोस?"

त्यांना खरं काय ते समजावेपर्यंत चहा गार झाला.

थेंबबाईने वायरीचं टोक कापलं. आत चार तारा निघाल्या. पुस्तिकेत लिहिलं होतं, की एक विजेची, एक जमिनीची म्हणजे वीज परत नेणारी, एकीतून ताल येतो आणि एकीतून आकडे. तालाच्या प्रत्येक ठोक्याला आकड्यांच्या तारेवरून एक एक अंश सरकतो. पण कुठल्या रंगाची तार कुठली, हे प्रत्येक माउसचं वेगळं असतं; टोकातल्या काड्यांची जागा तेवढी ठरलेली. तिने कापलेलं टोक फेकलं नव्हतं. तारा तपासायच्या वीज-मीटरची एक सुई टोकाच्या काडीला आणि दुसरी तारेला लावून, जिथे मीटर वाजेल ती जोडी, असं करत तिने चारही तारा ओळखल्या आणि कागदावर लिहून ठेवल्या. मग पेन तापवलं. चार तारा, चार थेंब. हात काही विसरला नव्हता.

माउस पुस्तकावर ठेवून सरकवला तशी बोर्डाला जोडलेल्या छोट्या पडद्यावरची संख्या वाढायला लागली. मागे घेतला की कमी झाली. थेंबबाई बराच वेळ त्याला पुढे-मागे करत बसली. नवऱ्याने दोनदा जेवायला हाक मारली.

आता कापडाखाली माउस ठेवून कापड ओढलं तर काम झालं, असं तिला वाटलं. तसं काही झालं नाही. कापड ओढताना वर उचललं जायचं, की माउस आंधळा व्हायचा. चकाकत्या कापडावर तर त्याला काही दिसायचंच नाही. एकच मीटर तीनदा ओढला तर तीन वेगवेगळी उत्तरं आली.

वन्सं मशिनवरून बघत होत्या. "डोंगर पोखरून उंदीर काढलास," त्या म्हणाल्या, "आणि तोही कामाचा नाही."

थेंबबाईला हसू आलं, कारण म्हण इतकी चपखल बसली होती. पण उत्तरही तिला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरातच सापडलं. माउसने कापडाकडे बघायलाच नको. कापड एका रुळावरून जावं, रूळ फिरावा, आणि माउसने त्या रुळाकडे बघत बसावं. रूळ आपल्या जागेवरून हलत नाही, त्यामुळे अंतर बदलत नाही. तिने जुनं लाटणं घेतलं, त्याला जाडंभरडं मांजरपाट चिकटवलं, म्हणजे कापडाला पकड मिळेल आणि माउसला बघायला धाग्यांची वीण मिळेल. दोन लाकडी ठोकळ्यांत लाटणं बसवून ते टेबलाच्या कडेला घट्ट केलं. माउस त्याच्या खाली, उताणा, अगदी नखभर अंतरावर.

मग पितळी पट्टीने मोजून बरोब्बर एक मीटर कापड ओढलं. आकडा आला तीन हजार नऊशे बारा. पुन्हा ओढलं, तीन हजार नऊशे नऊ. दहा वेळा केलं, दहाही वेळा त्याच्याच आसपास. फरक मिलिमीटरभरसुद्धा नव्हता. तिने तो आकडा प्रोग्राममध्ये घातला. मापाला दहा सेंटिमीटर उरले की एक छोटा टिक, आणि माप भरलं की लांब सूर, असं शिकवलं.

"वन्सं, जरा ओढून बघता?"

वन्सं उठल्या. त्यांनी ताक्याचं टोक धरलं आणि आपल्या नेहमीच्या सवयीने झर्रकन ओढलं. सूर वाजला तिथे त्यांनी कात्री चालवली. थेंबबाईने पट्टी लावली. दोन मीटर छप्पन्न.

तिने स्वतः ओढलं, दोन चाळीस. वन्संनी ओढलं, दोन एकावन्न. पुन्हा तिने, दोन चाळीस.

"तुझ्या उंदराला माझा हात मानवत नाही," वन्सं म्हणाल्या आणि जाऊन मशिनवर बसल्या. त्यांची पाठ थेंबबाईकडे होती. मशिन सुरू झालं नाही.

दोन दिवस ती चूक शोधत राहिली. तारा तपासल्या, थेंब तपासले, लाटणं घसरतंय का पाहिलं. सगळं जागच्या जागी. मग तिसऱ्या दिवशी सकाळी, वन्सं कापड ओढत असताना, तिने छोट्या पडद्याकडे बघता बघता लाटण्याकडे कान दिले. लाटणं गरगरत होतं, पण पडद्यावरचे आकडे अडखळत बदलत होते. एक आकडा लिहायचा, थांबायचं, दुसरा लिहायचा. आणि तिला एकदम तो सरकता पट्टा आठवला. दर तासाला सुपरवायझर वही पुढे करायचा, किती बोर्ड झाले ते लिहा म्हणायचा. वहीत मान घातली की तेवढ्यात दोन-तीन बोर्ड समोरून निघून जायचे. पट्टा काही कुणासाठी थांबत नसे.

चिपचं तेच होत होतं. ती लिहीत बसत होती. लिहिताना माउसकडे तिचं लक्षच नव्हतं.

तिने पुस्तिकेचं ते पान पुन्हा काढलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, की विचारेपर्यंत माउस आकडे आपल्या पोटात साठवून ठेवतो, पण पोटात दोनशे पंचावन्नच मावतात. वरचे सांडतात. दोनशे पंचावन्न म्हणजे जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. थेंबबाई हळू ओढायची, तेव्हा पोट भरायच्या आत चिप परत यायची. वन्संच्या झपाट्यात मात्र दर खेपेला थोडं कापड न मोजलेलं निघून जात होतं. चूक वन्संच्या हाताची नव्हती. शिकवणारीची होती.

दुपारपर्यंत तिने प्रोग्राम बदलला. माउसला सतत विचारत राहायचं, आणि कापड थांबल्याशिवाय पडद्यावर काहीही लिहायचं नाही. वहीचं काम शेवटी.

"वन्सं, आता ओढा. जोरात ओढा. नेहमीपेक्षा जोरात."

"फाटलं तर मला बोलू नकोस."

लाटणं घरघरलं, टिक झाला, वन्संचा हात आपसूक मंदावला, आणि सूर वाजला तिथे थांबला. थेंबबाईने पट्टी लावली. दोन चाळीस. दुसरं दोन चाळीस. सातवं दोन चाळीस आणि एखाद-दोन मिलिमीटर, जे शिलाईत कुठेही जिरतात.

आठव्या पडद्याला वन्सं बोलायला लागल्या. आधी ताक्याबद्दल, मग शेजारच्या खिडकीबद्दल, मग भावाच्या लहानपणाबद्दल. हात चालूच. बाराव्याला त्या बोलता बोलता थांबल्या आणि कात्री टेबलावर ठेवली.

"मला उजव्या डोळ्याने धुकं दिसतं," त्या म्हणाल्या. "डाव्यानेही आता तसंच व्हायला लागलंय."

"माहीत आहे, वन्सं."

"कधीपासून?"

"तुम्ही सुया माझ्याकडे द्यायला लागलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलला नाहीत म्हणून."

वन्संनी मांजरपाट चिकटवलेल्या लाटण्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे ही सगळी खटपट माझ्या डोळ्यांसाठी."

"थोडी तुमच्या डोळ्यांसाठी," थेंबबाई म्हणाली. तिला खोटं बोलता येत नसे. "थोडी माझ्या हौसेसाठी. नक्की किती कशासाठी ते मला मोजता येणार नाही."

वन्सं हसल्या. मग म्हणाल्या, "डोळ्याला सुरी लावायची म्हटलं की माझे पाय गळतात. म्हणून गप्प होते."

"मी येईन बरोबर."

"तू आत येशील?"

"आत नाही घेणार मला. दाराशी बसेन."

वन्संनी विचार केला. "दाराशी बस," त्या म्हणाल्या. "आणि याला काही सांगू नकोस एवढ्यात, उगाच गावभर करेल." याला म्हणजे भावाला. तो बिचारा दुसऱ्याच्या गोष्टी कुणालाही सांगत नसे, पण थेंबबाईने वाद घातला नाही.

त्याच महिन्यात एका रुग्णालयाचं काम आलं. खाटांच्या मधले पडदे, चौसष्ट नग. वन्संनी ते चौसष्टही आपल्या हाताने मोजले आणि कापले. रुग्णालयाच्या भांडारातला माणूस टेप घेऊनच आला होता, वसतिगृहाची गोष्ट त्याच्या कानावर गेली असावी. त्याने वरचे दोन मोजले, मधले चार मोजले, तळातला एक ओढून काढून मोजला. मग टेप खिशात टाकून चहा घेतला.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया दोन महिन्यांनी झाली. थेंबबाई दाराशी बसली होती. वन्सं अर्ध्या तासात बाहेर आल्या, डोळ्यावर पट्टी, आणि पहिलं वाक्य म्हणाल्या, "एवढ्यासाठी मी वर्षभर घाबरत होते?" दुसऱ्या डोळ्याचं काम पुढच्या महिन्यात उरकलं.

दिसायला लागल्यावर त्यांचा पहिला आठवडा घरातली धूळ शोधण्यात गेला. भिंतीचा रंग त्यांना आठवत होता त्यापेक्षा पांढरा निघाला. आरशासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग सकाळच्या उजेडात थेंबबाईकडे बघून म्हणाल्या, "अगं, तू एवढी म्हातारी कधी झालीस?"

"तुमच्या डोळ्यांत धुकं होतं तेव्हा," ती म्हणाली. "त्यात उरकून घेतलं."

वन्संना आता लाल आणि निळा लख्ख वेगळे दिसतात. तरी त्या लाटण्यावरूनच कापड ओढतात. खुणेकडे बघत बसलं की बोलता येत नाही, हे त्यांचं म्हणणं. रोज सकाळी त्या पितळी पट्टीने एक मीटर ओढून यंत्राची परीक्षा घेतात, मान डोलावतात आणि कामाला लागतात. महिन्यातून एकदा लाटण्याखालून कापडाचा कोंडा झटकावा लागतो, नाहीतर माउसच्या डोळ्यापुढे अंधारी येते. तेही काम आता वन्संनीच घेतलं आहे. जुन्या रंगाच्या ब्रशने तो लाल दिवा त्या अशा पुसतात की थेंबबाईचा हात नकळत स्वतःच्या डोळ्याकडे जातो.

परवा त्यांनी नवी मागणी काढली. यंत्राने किती नग झाले तेही मोजावं.

"का? तुम्ही मोजता की."

"बोलताना चुकतं गं. काल तेविसाव्यानंतर एकदम पंचविसावा आला."

थेंबबाईने पुस्तिकेच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहिलं, कात्रीला बटण. त्याखाली लिहिलं, वायर लांब लागेल. जरा विचार करून तिसरी ओळ लिहिली, शनिवारी दुकानात विचारणे. मग पान दुमडून तिने पुस्तिका मशिनच्या खणात ठेवली आणि पुढच्या पडद्याची दुमड मारायला घेतली. पलीकडे लाटणं घरघरलं, सूर वाजला, आणि वन्सं कुणाच्या तरी लग्नातली गोष्ट सांगत होत्या.